परदेशातल्या राजकीय कैद्यासाठी सोलापुरातून काय करता येते: पत्र, जिनिव्हा की दिल्ली?

सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. तेव्हा बाहेरून दाद मागायला संयुक्त राष्ट्रे नव्हती. आज आहेत. म्हणूनच एखादे वाचनालय, वकिलांचा अभ्यासगट किंवा कॉलेजातले मंडळ परदेशातल्या एखाद्या विरोधी नेत्याचा खटला हाती घेते, तेव्हा पहिला वाद होतो तो मार्ग कोणता धरायचा यावर. आठ-दहा माणसे, त्यांतला एखादाच कायद्याच्या इंग्रजीत तयार, दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी आणि बेताचे पैसे, एवढे बळ धरून ही तुलना केली आहे.

पत्र सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत जास्त वाया जाणारेही तेच. त्या देशाच्या न्यायमंत्र्याला एक प्रत आणि दिल्लीतल्या दूतावासाला दुसरी, एवढे पुरते. मजकूर एका पानात बसवावा: पूर्ण नाव, कैदी क्रमांक, अटकेची तारीख, तुरुंगाचे नाव आणि एकच मागणी. ‘अमुक तारखेपासून वकिलाची भेट झालेली नाही, ती द्यावी’ असे लिहिले तर कारकुनाला निदान फाइल उघडावी लागते. ‘लोकशाहीचा खून थांबवा’ असे लिहिले तर उघडायला काही उरतच नाही. शंभर सह्यांच्या एका निवेदनापेक्षा वेगवेगळ्या लोकांनी महिनाभर पाठवलेली दहा पत्रे बरी. थेट कैद्याला लिहायचे असेल तर भाषा बघा. रशियन तुरुंगांत पत्र रशियनमध्ये नसेल तर सेन्सॉरपाशीच अडकते. सुटकेची आशा मात्र पत्रावर ठेवू नये. औषध, भेट, कोठडीची अवस्था अशा मागण्यांसाठीच हा मार्ग.

जिनिव्हाचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करण्याचे काम जड आहे, पण कागद म्हणून त्याचे मोल सर्वांत जास्त. मनमानी अटकेविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा कार्यगट 1991 पासून चालतो आणि त्यात पाच स्वतंत्र तज्ज्ञ असतात. अर्ज कैदी, कुटुंब किंवा संस्था कोणीही करू शकते, आणि त्या देशातली सगळी न्यायालये आधी संपवून यावी लागत नाहीत. इतर बहुतेक दारांवर ही अट असते, म्हणून ही सवलत मोठी. प्रश्नावलीचा ठरलेला नमुना आहे. अर्ज 20 पानांत बसवायचा, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. सोलापुरात तेलुगू-कन्नडचा दुभाष्या गल्लीत सापडतो, पण तुर्की आरोपपत्राचे भाषांतर कोण करणार, हे पहिल्या बैठकीतच विचारून घ्या.

अर्ज फसतो तो बहुधा वर्गवारीत. कार्यगटाचे पाच वर्ग आहेत: पहिला कायद्याचा आधारच नसलेल्या अटकेचा, दुसरा भाषण-संघटनेसारखे हक्क बजावल्याबद्दलच्या शिक्षेचा, तिसरा अन्याय्य खटल्याचा. उरलेले दोन आश्रयार्थींच्या प्रशासकीय कैदेचे आणि भेदभावाचे. नवखे लोक पाने भरतात दुसऱ्यात, म्हणजे नेत्याची थोरवी आणि भाषणे यांत. तिसऱ्याला लागतात त्या तारखा आणि तास: वॉरंट दाखवले का, न्यायाधीशापुढे कधी उभे केले, वकील पहिल्यांदा कधी भेटला, बचावाचे किती साक्षीदार नाकारले, सुनावणी बंद दाराआड झाली का. वर्तमानपत्रातले कात्रण या जागी चालत नाही. वकिलाची टिपणे हवीत. अर्ज गेल्यावर सरकारला उत्तराला 60 दिवस मिळतात, वर महिनाभर मुदतवाढही मागता येते.

इथे एक खड्डा आहे. देश युरोप परिषदेचा (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) सदस्य असेल, उदाहरणार्थ तुर्की, तर स्ट्रासबर्गचे मानवाधिकार न्यायालय ‘हीच तक्रार दुसऱ्या आंतरराष्ट्रीय प्रक्रियेपुढे गेली आहे’ म्हणून अर्ज फेटाळू शकते. फ्रान्सविरुद्धच्या एका प्रकरणात 2009 मध्ये कार्यगटाकडे गेलेल्या तक्रारीमुळे हेच झाले. म्हणून कुटुंबाच्या वकिलाची लेखी संमती येईपर्यंत उत्साहाच्या भरात काहीही पाठवू नका.

स्ट्रासबर्गचा निकाल बंधनकारक असतो, तरी तोही पाळला जातोच असे नाही. तुर्कीतले विरोधी नेते सेलाहत्तिन देमिर्ताश यांना तात्काळ सोडा, असे या न्यायालयाच्या महापीठाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले आणि तुर्कीने ऐकले नाही. रशियातले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्या सुटकेचा अंतरिम आदेश फेब्रुवारी 2021 मध्ये निघाला, रशियाने तो झुगारला. पुढच्याच महिन्यात युरोपीय संघाने चार वरिष्ठ रशियन अधिकाऱ्यांवर प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्याचे निर्बंध लादले. फेब्रुवारी 2024 मध्ये नवाल्नी तुरुंगातच वारले. त्याच वर्षी 1 ऑगस्टला दुसरे रशियन विरोधी नेते व्लादिमिर कारा-मुर्झा सुटले ते कैद्यांच्या अदलाबदलीत. अशा सौद्यात किंवा निर्बंधांत सोलापुरातल्या मंडळाला जागा नाही. भारतात असे निर्बंध लादण्याचा कायदाही नाही. त्यावर बैठका घालवू नका.

दिल्लीचा मार्ग मधला. खासदारामार्फत लोकसभेत प्रश्न विचारता येतो: किमान 15 पूर्ण दिवसांची आगाऊ सूचना आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘सरकार निषेध करणार का?’ असे विचारले की गुळमुळीत उत्तर ठरलेलेच. ‘आपल्या दूतावासातून सुनावणीला कोणी हजर होते का, कोणत्या तारखांना?’ असे विचारले तर हो किंवा नाही म्हणावे लागते. कैदी स्वतः खासदार असेल तर आंतरसंसदीय संघाची (देशोदेशींच्या संसदांची संघटना) मानवाधिकार समितीही उघडी आहे. ती 1976 पासून असे दावे घेते आणि खटल्यांना निरीक्षक पाठवते.

दिल्लीचे वजन शेजारच्या देशावर जास्त पडते. मालदीवचे माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांना 22 फेब्रुवारी 2015 रोजी अटक झाली आणि 13 मार्चला 13 वर्षांची शिक्षा. मधे अवघे 19 दिवस, आणि शेवटच्या टप्प्यात बाजूला वकीलही नाही. त्याच महिन्यात हिंद महासागरातल्या देशांच्या दौऱ्यातून पंतप्रधान मोदींनी मालदीव वगळले. कार्यगटाने त्याच वर्षी अटक मनमानी ठरवली. जानेवारी 2016 मध्ये उपचारासाठी ब्रिटनला जाण्याची परवानगी मिळाली. शिक्षा रद्द झाली ती मात्र नोव्हेंबर 2018 मध्ये, निवडणुकीत सत्ता पालटल्यावर. जिनिव्हाच्या कागदाने दार उघडले नाही, पण दाबाच्या प्रत्येक बैठकीत टेबलावर ठेवायला तो होता. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांवर चाललेल्या रिव्होनिया खटल्यातही, कैद्यांना सोडा असा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा 11 ऑक्टोबर 1963 चा ठराव 106 विरुद्ध 1 मतांनी झाला होता. आठ महिन्यांनी मंडेलांना फाशीऐवजी जन्मठेप झाली.

तेव्हा निवड अशी. कैदी तुर्कीसारख्या देशातला असेल तर पत्रे आणि संसदेतला प्रश्न, बस्स. युरोप परिषदेबाहेरचा असेल आणि वकील संपर्कात असेल तर सगळी ताकद जिनिव्हाच्या अर्जावर लावा, पत्रे शिकाऊ मुलांकडे द्या. शेजारी देश असेल तर आधी खासदाराकडे जा. वकिलाशी संपर्कच नसेल तर फक्त पत्रे. या कामासाठी परदेशी संस्थेकडून पैसे घेऊ नका. परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतले खाते नसेल तर तो गुन्हा ठरतो. पत्र लिहायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.