मऊ ग्रिप विकल्या, जड वजनं काढून घेतली

साताऱ्यातल्या एका बाइक ऍक्सेसरीजच्या दुकानात 'जपानी जेल ग्रिप' (ग्रिप म्हणजे हँडलच्या मुठीवरचं रबर) म्हणून १६५० रुपयांना जे विकलं गेलं त्यात जेल नव्हतं आणि जपानही नव्हता. शिवाय 'आता ह्याची काय गरज नाय, दादा' म्हणत दुकानदाराने गाडीवरून जे काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, कामाची वस्तू नेमकी तीच होती. ग्रिप बदलून घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत हवा, म्हणून सविस्तर लिहीत आहोत. दुकान कुठलं हे महत्त्वाचं नाही. ही पद्धत एकट्या त्याची नाही.

गाडी १५० सीसीची, एकसिलिंडर. मालक साताऱ्याहून शिरवळच्या कारखान्यात रोज जा-ये करणारा, एका बाजूने साठेक किलोमीटर. दिवाळीत कन्याकुमारीला जायचं ठरलेलं. तक्रार एवढीच की खंबाटकी घाट ओलांडून खंडाळ्यात आलं की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होतात. दुकानदाराने जुनी ग्रिप दाबून दाखवली, 'दगड झालाय' म्हणाला आणि नवी जोडी बसवून दिली. हाताला मऊ लागली, गिऱ्हाईक खूश. दुसऱ्या दिवशी आनेवाडी टोलनाक्यालाच बोटं बधिर. म्हणजे दुखणं कमी व्हायचं सोडून निम्म्याहून जास्त अलीकडे आलं. परत गेल्यावर उत्तर मिळालं, 'हात सेट व्हायला पंधरा दिवस लागतात,' आणि वरून घालायला फोमचे कव्हर घ्या, ४५० रुपये.

ते कव्हर घेतलं नाही हे बरं झालं. गाडी स्टँडवर घेऊन हँडल सुटं केलं आणि एकेक भांडं फुटत गेलं.

पहिलं म्हणजे बार एंड, हँडलच्या दोन्ही टोकांना असलेली वजनं. कंपनीची वजनं काळी, ओबडधोबड, लोखंडी. दिसायला काहीच नाही. त्यांच्या जागी निळ्या रंगाची चकचकीत ऍल्युमिनियमची जोडी बसवलेली होती, 'सेटसोबत फ्री'. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवरचं कंपनीचं बार एंड खोलून आणलं आणि दोन्ही नग पेढ्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवले. साताऱ्यात एवढा अचूक काटा दर चार पावलांवर मिळतो. लोखंडी नग भरला १६० ग्रॅम, ऍल्युमिनियमचा ५५. आकार जवळजवळ तोच. यात नवल काही नाही: लोखंडाची घनता ७.८ च्या आसपास, ऍल्युमिनियमची २.७, त्यामुळे त्याच मापाचा तुकडा वजनाला एक तृतीयांश होणारच. काटा नसेल तर चुंबक लावून बघा. लोखंडाला चिकटतो, ऍल्युमिनियमला नाही. (पितळेलाही चिकटत नाही, पण पितळ लोखंडापेक्षा जड असतं, ते चालतं.)

आता ही वजनं कशासाठी असतात ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक या एका अज्ञानावर चालते. एकसिलिंडर इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर सेकंदाला साधारण ८३ हादरे हँडलपर्यंत पोचतात. हँडल म्हणजे मधे धरलेली आणि दोन्ही टोकांना मोकळी नळी. टोकाला जड वजन लावलं की नळीचा स्वतःचा थरथरण्याचा वेग खाली येतो, म्हणजे ज्या आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर) आपण तासन् तास चालवतो त्याच्याशी तो जुळत नाही, आणि थरथरीचा झोकाही लहान होतो. वजन काढलं की दोन्ही सूर पुन्हा जुळतात. एवढ्या जलद बारीक थरथरीला तीन-चार मिलिमीटरचं मऊ रबर फारसं अडवू शकत नाही. ग्रिपचं काम तळव्यावरचा दाब पसरवण्याचं, थरथर मारण्याचं काम वजनाचं. काही गाड्यांत नळीच्या आतसुद्धा रबरी कड्या घातलेली लोखंडी सळई असते, तीही 'कचरा' म्हणून ओढून काढतात. आपल्या गाडीत ती आहे का, हे बार एंडचा स्क्रू काढून टॉर्च मारली की दिसतं.

नवीन वजनं कशावर धरलेली होती हेही बघण्यासारखं आहे. कंपनीचं वजन बहुतेक गाड्यांत ६ मिमीच्या स्क्रूने हँडलच्या आत पक्क्या बसवलेल्या आट्यात जातं. बाजारातलं 'युनिव्हर्सल' वजन रबराच्या बुचावर असतं. स्क्रू आवळला की बूच फुगतं आणि नळीला आतून धरतं. नळीचं आतलं माप आणि बूच जुळलं नाही तर पन्नास किलोमीटरमध्ये ते सैल. इथे डावं वजन बोटांनी फिरत होतं.

दुसरं, माप. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिमीचं. डावी ग्रिप थेट त्या नळीवर बसते. उजवीकडे मधे एक्सलेटरचा प्लास्टिक पाइप असतो, त्यामुळे उजव्या ग्रिपचं भोक मोठं लागतं, साधारण २४-२५ मिमी. म्हणून खऱ्या जोडीतल्या दोन ग्रिप कधीही सारख्या नसतात. या जोडीतल्या दोन्हींची भोकं सारखीच, मोठी होती. मग डावीकडे काय केलं? नळीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली, चार वेढे, आणि वर ग्रिप सरकवली. दुकानात ती घट्टच लागते. पण टेपचा चिकटा उन्हात पातळ होतो आणि ग्रिप हातात गोल फिरायला लागते. ती काढली तेव्हा टेप गुळाच्या पाकासारखी ताणून येत होती. खरेदीच्या वेळी जोडी हातात घेऊन दोन्ही भोकांत अंगठा घालून बघा. भोकं सारखी असतील तर तिथेच परत ठेवा.

तिसरी गोष्ट फसवणुकीच्या पुढची, जिवावरची. ही ग्रिप टोकाला बंद होती, बार एंड बसवायला ते टोक ब्लेडने कापलेलं, तेही वेडंवाकडं. उजवीकडे कापलेल्या रबराची कड वजन आणि एक्सलेटर पाइपच्या मधे अडकत होती. आतल्या बाजूला ग्रिपची कड स्विचच्या डबीला घासत होती. परिणाम असा की एक्सलेटर सोडला तरी पूर्ण परत येत नव्हता, थोडा उघडाच राहायचा. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. यवतेश्वर घाटाच्या वळणावर किंवा पसरणी घाट उतरताना लक्षात येईल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. ग्रिप आणि डबीच्या मधे १ ते २ मिमी फट हवी, तशीच वजनाच्या बाजूलाही. कार्डाचा जाड कागद सहज सरकला पाहिजे.

राहिलं जेल. ती ग्रिप उभी चिरली तर आत जेलचा थर नव्हता, मऊ पीव्हीसी आणि वर फुगवलेल्या पोकळ पट्ट्या. दाबलं की हवा दबते, म्हणून दुकानात मऊ लागतं. रस्त्यावर तळव्याचा सतत भार आला की पट्ट्या सपाट होतात आणि आतला कडक भाग लागतो. खऱ्या जेल ग्रिपमध्ये रबराची कातडी आणि आतली नळी यांच्यामधे जेल भरलेलं असतं. अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडलं की खड्डा सावकाश भरतो. हवेवर मऊ असलेली लगेच टुणकन वर येते. वास घ्या: स्वस्त पीव्हीसीला मऊ ठेवायला तेलकट रसायन घातलेलं असतं, त्याचा उग्र दर्प येतो. तेच रसायन उन्हात हळूहळू बाहेर येतं आणि पाच-सहा महिन्यांत ग्रिप चिकट होते, हात काळे होतात. ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासून बघितला तर पहिल्याच दिवशी कळतं. इथे रुमाल पाचव्या घासण्यात काळा झाला.

फोमचं थोडक्यात. बारीक बंद छिद्रांचा फोम चांगला असतो, आमचा त्याच्याशी काही वाद नाही. पण स्वस्त फोम स्पंजासारखा पाणी पितो. मग महाबळेश्वर, जिथे वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो, किंवा ठोसेघर, कोयना या बाजूला जून ते सप्टेंबर त्याची ओली चिंधी होते. एका तुकड्यावर पाणी टाकून पिळून बघा. शिवाय कव्हरची जाडी दोन्ही बाजूंनी धरायची असते. ५ मिमीचं कव्हर म्हणजे मूठ १० मिमीने जाड. लहान हाताला क्लच लिव्हर लांब पडतो, आणि जाड मूठ जास्त आवळावी लागते, त्यात कोपरापर्यंतचे स्नायू दुखतात. मूळ ग्रिप बाहेरून साधारण ३० ते ३३ मिमीची असते. त्यापेक्षा दोन-तीन मिमी वाढ पुरे. हातमोजा घालून मूठ वळा. मधल्या बोटाचं टोक आणि अंगठ्याचा उंचवटा यांत बोटभरापेक्षा जास्त फट राहत असेल तर ती ग्रिप तुमच्यासाठी नाही.

आणि पैसे खर्च करण्याआधी कुठली बोटं बधिर होतात ते बघा, निम्मं निदान तिथेच होतं. करंगळी आणि अनामिका असतील तर तळव्याच्या बाहेरच्या टाचेवर दाब येतोय. तिथून अल्नर नस जाते. हँडलवर अंगाचा भार टाकून बसणं, ग्रिप घट्ट धरणं, हातमोज्याची शिवण नेमकी तिथे येणं, ही त्याची कारणं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मीडियन नस, म्हणजे मनगट वाकलेलं आहे. त्याला ग्रिपचा संबंध फार कमी. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे ब्रॅकेट पान्याने किंचित सैल करा, नेहमीच्या बैठकीत बसून बोटं सरळ करा, लिव्हर हाताच्या रेषेत येईल असे फिरवा आणि आवळा. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. त्याच वेळी इंजिन माउंटिंगचे (इंजिन चासीला धरणारे) बोल्ट आणि हँडल क्लॅम्पचे बोल्ट सैल नाहीत ना ते बघून घ्या. सैल माउंटिंगवर सोन्याच्या ग्रिप बसवल्या तरी हात बधिर होणारच.

तरी ग्रिप बदलायचीच असेल तर बसवताना समोर उभे राहा. जुनी ग्रिप चिरताना उजवीकडे ब्लेड खोल घालू द्यायचं नाही, एक्सलेटर पाइप कापला तर तो नवीन घ्यावा लागतो. नळी आणि पाइपवरचा जुना गोंद पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढायचा आणि दोन्ही पूर्ण सुकू द्यायचे. मग रबराला चालणारा ग्रिपचा गोंद, पातळ थर, आणि एका दमात आत सरकवणं. अर्ध्यावर थांबलं की तिथेच धरतो. ग्रीस, ऑइल, साबणाचं पाणी लावून सरकवणारा माणूस दिसला की हात धरा. फेविक्विकही नको, त्याचा थर कडक होतो आणि थरथरीने तडकतो. शेवटी गाडी सुरू न करता हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून एक्सलेटर पूर्ण पिळून सोडायचा. दोन्हीकडे टक् आवाज करून आपोआप परत आला पाहिजे. गोंदाला एक रात्र द्या. संध्याकाळी बसवून लगेच पुण्याला निघणं म्हणजे ग्रिप फिरायला आमंत्रण.

काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून घरी न्यायचा. या प्रकरणात मालकाने जुनी वजनं परत मागितली तेव्हा दुकानदाराने त्याच्याच वजनांचे तीनशे रुपये सांगितले!

बिल नव्हतं. कागदाच्या चिटोऱ्यावर 'ग्रिप १६५०', दुकानाचं नाव नाही. डब्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपीच्या जागी स्टिकर. पाकीटबंद मालावर हे छापणं वैधमापन नियमांप्रमाणे सक्तीचं आहे, आणि आयात माल असेल तर कुठल्या देशाचा तेही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं हीदेखील. त्यामुळे 'एकदा विकलेला माल परत नाही' या पाटीला घाबरायचं कारण नाही. तक्रार १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, डबा, काढलेली ग्रिप आणि काट्यावरचा फोटो हे जपून ठेवायचं.

या मालकाने फोटो आणि यूपीआयची नोंद घेऊन दुकान गाठलं आणि तिथेच उभं राहून १९१५ लावला. वजनं लगेच ड्रॉवरमधून निघाली, फुकट. पैसे अजून मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे. गाडीवर सध्या पार्ट नंबर सांगून कंपनीच्या काउंटरवरून आणलेल्या साध्या रबरी ग्रिप आहेत, टोकाला तीच काळी वजनं, लिव्हर थोडे खाली फिरवलेले. आनेवाडीला करंगळी जागी असते, खंडाळ्यातही.