मसाल्याची पाकिटं छापून घेताना आम्ही असे फसलो

गडहिंग्लज भागात आम्ही सात जणींचा बचत गट कांदा-लसूण मसाला करतो. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, सुकं खोबरं, तेलात परतलेले खडे मसाले, सगळं निवडून, वाळवून, कांडपावरून कुटून आणतो. तीन वर्षं साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर स्टिकर लावत होतो. दुकानदार म्हणायचे, "वैनी, माल एक नंबर आहे, पण छापील पाकीट करा, मग पुढच्या फळीवर ठेवतो." म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत पाकिटं छापून घ्यायचं ठरवलं. हे काम गटाने माझ्यावर सोपवलं होतं, म्हणून सगळं मीच लिहिते आहे.

इंटरनेटवर शोधून एका पाकीटवाल्याशी बोलले. मराठीच माणूस, बोलायला गोड. "ताई, तुमच्या मसाल्यात तेल आहे, साधं पाकीट चालणार नाही, फॉइलचंच घ्या," असं त्यानेच सांगितलं. सल्ला खरा होता आणि त्यामुळेच विश्वास बसला. बाहेर 12 मायक्रॉन जाडीचं पॉलिएस्टर, मध्ये 9 मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइल, आत 75 मायक्रॉन पॉली, असे तीन थर फोनवर तोंडपाठ म्हणून दाखवले. कुरिअरने दोन नमुने पाठवले. दुसऱ्याच कुणाच्या तरी मसाल्याची पाकिटं होती ती, पण आमच्याच मापाची, जाड आणि कडक. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली, सगळ्यांना पटली.

20,000 पाकिटं, दर 3 रुपये 90 पैसे, म्हणजे 78,000 रुपये. चार रंगांच्या छपाईचे चार सिलिंडर, म्हणजे डिझाइन कोरलेले रूळ, प्रत्येकी 4,500, म्हणजे 18,000. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून एकूण 1,13,280. निम्मे आगाऊ दिले. एप्रिलमध्ये गठ्ठ्यांचे फोटो आले. "माल तयार आहे, बाकी रक्कम टाका, लगेच बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) पाठवतो." आम्ही टाकली. मसाल्याचा हंगाम तोंडावर होता, मिरची घरात येऊन पडली होती. त्या घाईत, मालाला हात लावायच्या आधीच त्याचे सगळे पैसे देऊन झाले.

खोकी आली. छपाई सुंदर होती. गटाचं नाव, पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, सगळं जागच्या जागी. आमच्यातल्या अक्कांनी तर पहिलं पाकीट देवापुढे ठेवलं. पातळ वाटतंय असं एकीने म्हटलंही होतं. मीच म्हटलं, नवीन आहे, रिकामं आहे, म्हणून वाटत असेल.

जुलैत पुण्याच्या दुकानातून एक खोकं परत आलं. उघडल्या उघडल्या वास आला, म्हणजे पाकिटातला वास बाहेर आला होता. अक्कांनी एक पाकीट उचललं तर तळहात तांबडा झाला. शिवणीतून तेल पाझरलं होतं आणि कोपऱ्याला छपाईचा पापुद्रा सुटून फुगा आला होता. आत मसाल्याच्या गाठी झालेल्या. मिरचीचा तो लालभडक रंग, ज्यासाठी आम्ही देठ खुडत दिवस दिवस बसतो, तो विटकरी पडला होता. त्या दुकानदाराने पैसे मागितले नाहीत, पण पुढची ऑर्डरही दिली नाही.

त्या रात्री मी जुने दोन नमुने शोधून काढले. मोबाइलचा टॉर्च पाकिटाच्या आत धरला. नमुन्यातून उजेडाचा कणही बाहेर आला नाही. आमच्या पाकिटाच्या कोऱ्या भागातून मात्र टॉर्चचा गोल ठिपका स्पष्ट दिसला. ते फॉइल नव्हतंच. चांदीसारखा मुलामा दिलेली फिल्म होती. तिला मेटलाइज्ड म्हणतात, ती पुष्कळ स्वस्त पडते. मग मसाला मोजायचा काटा काढला. दोन नमुने 14 ग्रॅम भरले, आमची दोन पाकिटं 9 ग्रॅम. खात्री करायला आमची शंभर मोजून ठेवली, तर 470 ग्रॅम. नमुन्याच्या हिशेबाने ती 700 भरायला हवी होती. म्हणजे 20,000 पाकिटांत 45 किलोहून जास्त माल त्याने मारला होता. काटा आमच्या घरात रोज चालू असतो. माल आला त्या दिवशी दोन मिनिटं काढली असती तर एक चिमूटही मसाला त्यात गेला नसता. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

फोन केला तर तो म्हणाला, "ताई, बिलात फॉइल कुठे लिहिलंय?" बिल काढून पाहिलं. "प्रिंटेड लॅमिनेटेड पाऊच", एवढंच. थर नाही, मायक्रॉन नाही. सगळं बोलणं फोनवर झालेलं, व्हॉट्सॲपवर फक्त डिझाइनची मंजुरी, तीही माझीच. म्हणून हात जोडून सांगते, थर आणि मायक्रॉन कोटेशनवर आणि बिलावर लिहून घ्या. शंभर रिकाम्या पाकिटांचं वजनही लिहून घ्या, कारण मायक्रॉन मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, काटा असतो. नमुना दुसऱ्याच्या नावाचा चालवून घेऊ नका. तयार झालेल्या आपल्याच मालातली पाच-दहा पाकिटं आधी मागवा, त्यात आपलाच माल भरून सील करा, चार दिवस उबेत ठेवून बघा, आणि मगच उरलेली रक्कम सोडा.

बिलावरचा जीएसटी क्रमांक तेव्हा पहिल्यांदा तपासला. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करताही दिसतं. त्याची आमच्या ऑर्डरच्या आधीच रद्द झालेली होती. म्हणजे कराचे म्हणून घेतलेले 17,280 रुपयेही त्याच्याच खिशात गेले.

सिलिंडरचं दुखणं वेगळंच. प्रत्येक रंगाला एक सिलिंडर लागतो, तो एकदा केला की पुढच्या छपाईला तोच चालतो, म्हणून तो खर्च आपण एकदाच करतो. पैसे आमचे, म्हणून सिलिंडर आमचे. पण ते कधी हातात आले नाहीत, आणि मागितले तेव्हा त्याने फोन घेणंच बंद केलं. आमच्या नावाची पाकिटं तो उद्या कुणालाही छापून देऊ शकतो, या विचाराने झोप उडते. सिलिंडर गिऱ्हाइकाच्या मालकीचे आणि मागताच परत मिळतील, एवढी एक ओळ बिलावर असायला हवी होती.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार केली. पुढे वकिलांनी सांगितलं की, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला एरवी ग्राहक कायदा लागत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर दाद मागता येते, तीही आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. तक्रार दाखल केली आहे, तारखा चालू आहेत. दोन्ही नमुने, परत आलेलं खोकं, काट्यावरच्या वजनाचे फोटो आणि बिल मी जपून ठेवलं आहे.

पुराव्यापुरते दोन गठ्ठे वगळून उरलेली चौदा हजारांच्या आसपास पाकिटं घरात पडून होती. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता, पण गटाचं नाव आणि परवाना क्रमांक असलेली कोरी पाकिटं बाहेर गेली तर त्यात कोण काय भरेल सांगता येत नाही. म्हणून सध्या दुपारी कामं आवरली की आम्ही सात जणी कात्र्या घेऊन बसतो आणि एकेका पाकिटावरून परवान्याचा आकडा कापून काढतो. काल बाराशे झाली.