डायलिसिसचा खर्च-परिणाम अभ्यास: प्रश्न योजनेच्या बाजूने मांडायचा की रुग्णाच्या?

प्रबंधासाठी ‘हिमोडायलिसिस (मशीनमधून रक्त गाळणं) की पोटातलं डायलिसिस (पोटात द्रव भरून त्यातून शरीरातली घाण काढणं)’ हा विषय घेतला, की संशोधन-प्रश्न दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही प्रकार शास्त्राला धरून आहेत, पण त्यांची उत्तरं वेगळी निघू शकतात. म्हणून आराखडा लिहिण्याआधीच निवड करावी.

पहिला प्रश्न: मूत्रपिंडं कायमची निकामी झालेल्या प्रौढांना केंद्रातल्या हिमोडायलिसिसऐवजी घरी पोटातलं डायलिसिस दिलं, तर एका जादा क्वॉलीमागे (पूर्ण आरोग्यात जगलेल्या एका वर्षामागे) सरकारी योजनेला किती जादा खर्च येईल?

दुसरा प्रश्न: रुग्ण तेच, पर्याय तेच, पण खर्चात रुग्णाच्या घरचा खर्चही धरला तर?

पहिल्या प्रश्नाचे आकडे हाताशी असतात: पॅकेजचे दर (योजना रुग्णालयाला देते ती ठरलेली रक्कम), द्रवाच्या पिशव्यांची किंमत, पोटात जंतुसंसर्ग झाल्यावर भरती करण्याचा खर्च. वेळ कमी असेल आणि उत्तर थेट योजनेच्या अंदाजपत्रकासाठी हवं असेल, तर हाच घ्यावा.

पण त्यातून काय सुटतं ते पाहा. हिमोडायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रावर जायचं आणि दर वेळी सुमारे चार तास मशीनवर राहायचं. गडचिरोलीच्या आतल्या गावातून येणाऱ्याचा त्यात अख्खा दिवस जातो, सोबत्याचाही. दोघांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. योजनेच्या हिशेबात हे सगळं शून्य. उलट पोटातल्या डायलिसिसमध्ये दिवसातून तीन-चार वेळा द्रव बदलावा लागतो, त्यासाठी स्वच्छ कोपरा, हात धुवायला पाणी आणि बहुतेकदा घरातल्या बाईचा वेळ लागतो. हेही शून्यच. म्हणजे पहिला प्रश्न कोणत्या बाजूला झुकेल, हेसुद्धा आधी सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मेहनत आहे. रुग्णांच्या मुलाखती घ्याव्या लागतात, बुडालेल्या मजुरीची किंमत ठरवावी लागते, आणि तोच तोटा एकदा खर्चात व पुन्हा क्वॉलीत मोजला जाऊ नये हे सांभाळावं लागतं. तरीही माझं मत दुसऱ्याच्या बाजूचं आहे. अट एकच: योजनेचा आणि घरचा खर्च वेगवेगळ्या रकान्यांत दाखवा. मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच तक्त्यातून मिळतं. पहिल्यावरून दुसऱ्याकडे मात्र जाता येत नाही.

कालावधी दोन्हींत आयुष्यभराचा धरा. पुढच्या वर्षांच्या खर्चावर व लाभावर भारतात साधारण ३ टक्के सूट-दर लावतात, म्हणजे दर पुढच्या वर्षाचे रुपये आणि लाभ आजच्या मोलात थोडे कमी धरतात.

याहून मोठा निर्णय तुलना कशाशी करायची हा आहे, आणि तिथे थायलंडचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथल्या अभ्यासकांनी दोन्ही डायलिसिसांची तुलना डायलिसिसविना केलेल्या उपशामक सेवेशीही (फक्त त्रास कमी करणाऱ्या उपचारांशी) केली. त्या कसोटीवर दोन्ही महागच ठरली. तरीही डायलिसिसअभावी माणसं मरत होती, घरं कर्जात बुडत होती, म्हणून २००८ मध्ये सरकारी योजनेत ‘आधी पोटातलं डायलिसिस’ हे धोरण आलं. पुढे २०२२ मध्ये रुग्णांना निवडीची मुभा मिळाली. केवळ दोन डायलिसिसांचीच तुलना केली असती, तर खर्च परवडतो का, हा प्रश्न विचारलाच गेला नसता.

आपल्याकडे डायलिसिस मध्येच सोडणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यामुळे ‘डायलिसिस नाही’ हा तिसरा पर्याय प्रश्नाच्या वाक्यातच लिहा. आकडे गोळा झाल्यावर तो घुसवायला गेलात, तर त्याच्यासाठी लागणारी माहिती तुमच्याकडे नसेल.