फ्रॅपे एचआर: एका चुकलेल्या टिकची किंमत

फ्रॅपे एचआर फुकट आहे, हे त्याच्याबद्दल सगळ्यात आधी कानावर येतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हजेरी, रजा आणि पगार सांभाळणारं हे मुक्त सॉफ्टवेअर आधी ईआरपीनेक्स्ट या त्यांच्याच धंद्याचा सगळा कारभार बघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात होतं, 2022 मध्ये वेगळं झालं. परवान्याला पैसे पडत नाहीत, हे खरं. पण ते बसवणारा आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. त्यातून सुरुवातीला एखादी टिक चुकली, तर तीच चूक दर महिन्याच्या पगारात बिनबोभाट होत राहते.

वेळ खरा वाचतो तो हजेरीत. झेडके जातीच्या बोटाच्या ठशाच्या मशीनमधून पंच उचलून आणणारं छोटं साधन फ्रॅपेनेच दिलं आहे. मशीन असलेल्या नेटवर्कवरच्या एखाद्या कॉम्प्युटरवर ते चालू ठेवायचं, त्यात मशीनचा आयपी पत्ता भरायचा. मशीनमधला कामगाराचा क्रमांक आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नोंदीतला 'अटेंडन्स डिव्हाइस आयडी' तंतोतंत एक हवा. नाहीतर पंच येतो, पण कुणाच्याच नावावर चढत नाही.

पुढची गोची पाळीच्या सेटिंगमध्ये आहे. पाळी संपल्यावर किती मिनिटांपर्यंतचा पंच त्याच पाळीचा धरायचा, हा आकडा मुळात 60 असतो. पाच वाजता सुटणारा कामगार ओव्हरटाइम करून साडेसहाला पंच करून गेला की तो पंच पाळीत बसत नाही, आणि दिवसभर राबलेल्या माणसाची हजेरी अर्धवट राहते. जिथे ओव्हरटाइम नेहमीचा आहे तिथे हा आकडा 240 तरी करा; फक्त पुढच्या पाळीशी त्याची गाठ पडत नाही ना, ते बघा. दुसरं म्हणजे 'लास्ट सिंक ऑफ चेकइन', म्हणजे मशीनमधले पंच कधीपर्यंतचे आले ती वेळ, पुढे सरकत नसेल, तर पंच सगळे दिसतात पण हजेरी लागतच नाही. मशीनचं कनेक्शन तुटलं की हे होतं, आणि कळतं ते महिनाअखेरीला.

पगाराच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. पगार रजेच्या नोंदींवरून काढायचा की हजेरीवरून? आणि सुट्ट्या कामाच्या दिवसांत धरायच्या की नाही? 26,000 पगाराच्या माणसाचा एक बिनपगारी दिवस सुट्ट्या वगळून 26 ने भागला तर 1,000 रुपयांचा, सुट्ट्या धरून 30 ने भागला तर 866 रुपये 67 पैशांचा. नेमणूकपत्रात जे लिहिलंय तेच इथे हवं. हजेरीवरून पगार काढत असाल, तर न लागलेली हजेरी 'प्रेझेंट' धरायची की 'अ‍ॅब्सेंट', तोही पर्याय तिथेच आहे. 'प्रेझेंट' राहिलं तर दांडी मारणाऱ्याची चंगळ.

व्यवसाय कर बसवताना बहुतेक जण फसतात. महाराष्ट्रात पुरुषांना महिन्याच्या 7,500 पगारापर्यंत काही नाही, 10,000 पर्यंत 175, त्यापुढे 200 आणि फेब्रुवारीत 300. स्त्रियांना 25,000 पर्यंत माफी. लिंग आणि महिना दोन्ही सूत्रात घेता येतात, त्यामुळे नियम नीट बसतो. पण पगाराच्या प्रत्येक घटकाला, म्हणजे कपातीलाही, 'डिपेंड्स ऑन पेमेंट डेज' (पगारी दिवसांच्या प्रमाणात) ही टिक मुळातच लागलेली असते. ती काढली नाही, तर 30 दिवसांच्या महिन्यात 3 दिवस बिनपगारी गेलेल्या माणसाचा कर 200 ऐवजी 180 कापला जातो. जून आणि डिसेंबरच्या कामगार कल्याण निधीचंही तसंच. कामगाराचे 25 म्हणजे 25, त्यांचे तुकडे होत नाहीत.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, त्याची पगाराची मर्यादा 21,000. 'एकूण पगार 21,000 पर्यंत असेल तर कापा' असं साधं सूत्र टाकलं की ते चुकलंच म्हणायचं. जुलैत पगारवाढ होऊन मर्यादा ओलांडली, तरी कपात 30 सप्टेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते, कारण तिचा काळ एप्रिल आणि ऑक्टोबरपासून सहा-सहा महिन्यांचा असतो. यासाठी कामगाराच्या नोंदीत वेगळा रकाना करून एप्रिल आणि ऑक्टोबरमध्येच तो बदलावा, आणि सूत्राने तोच रकाना पाहावा. कपात पुढच्या पूर्ण रुपयावर न्यायची असते: 18,430 चे 0.75 टक्के 138.23 होतात, कापायचे 139.

पीएफच्या बाबतीत मात्र हात आखडता आहे. कपातीचा अहवाल मिळतो, पण पीएफच्या पोर्टलवर दर महिन्याला चढवायची ईसीआरची (कपातीच्या विवरणाची) टेक्स्ट फाइल तयार मिळत नाही. यूएएनपासून (कामगाराच्या पीएफ क्रमांकापासून) पुढे अकरा रकाने, मध्ये ठराविक चिन्हं. ते एक्सेलमध्ये किंवा छोटी स्क्रिप्ट लिहून करावं लागतं, आणि मुदत 15 तारखेची. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात, 15,000 वर 1,250. कामगार 58 वर्षांचा झाला की ते थांबवून सगळं पीएफमध्ये टाकायचं असतं, हेही स्वतःच लिहून ठेवावं लागतं. भारतात बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही उणीव खटकते.

रजेत नावाचा घोळ आहे. दुकाने व आस्थापना कायद्याच्या 8 किरकोळ रजा दर तिमाहीला जमा करायच्या, तर सॉफ्टवेअरमध्ये त्याच रजेला 'अर्न्ड लीव्ह' (अर्जित रजा) ही टिक लावून 'क्वार्टरली' निवडावं लागतं. खरी अर्जित रजा म्हणजे कामाच्या 20 दिवसांमागे एक, ती प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांवरून मोजली जात नाही. वर्षअखेरीला हिशेब करून हाताने चढवा.

आवृत्ती 15 मध्ये ओव्हरटाइमचा हिशेबही नाही. दुप्पट दराने रक्कम काढून 'अ‍ॅडिशनल सॅलरी' म्हणून सीएसव्ही (एक्सेलमधून निघणाऱ्या साध्या) फाइलने सगळ्यांची एकदम भरता येते, तेवढ्यावर भागतं.

वीस-पंचवीस माणसं असतील तर या भानगडीत पडू नका, एक्सेल पुरे. शंभरच्या पुढे, दोन-तीन पाळ्या आणि सूत्रं वाचता येणारा एक माणूस असेल तर जरूर घ्या. फक्त पहिले दोन महिने जुनं पगारपत्रकही चालू ठेवा आणि 'सबमिट' करण्याआधी कच्च्या स्लिपांतल्या पाच हाताने ताडून पाहा: 25,000 खालची एक स्त्री, 58 ओलांडलेला एक, महिन्याच्या मध्ये रुजू झालेला एक, बिनपगारी गेलेला एक आणि नुकताच 21,000 पार केलेला एक. सबमिट झाल्यावर चूक सापडली, तर स्लिप रद्द करून पुन्हा काढावी लागते.