पॅरिसला उतरायचं, रोमहून निघायचं: युरोपची तिकिटं कशी काढावीत?

पंधरा दिवसांचा युरोप म्हटला की आपल्याकडचा बेत बहुधा ठरलेलाच असतो. पॅरिस, मग स्वित्झर्लंड, शेवटी इटली. वाद होतो तो तिकिटांवरून. घरातला एक जण म्हणतो, मुंबई-पॅरिस जाऊन-येऊन काढा, स्वस्त पडतं. दुसऱ्याने रात्री जागून मोबाइलवर कुठलंसं भलतंच स्वस्त विमान हेरलेलं असतं. आमच्या मुलुंडच्या घरात हे दोन्ही झालं आहे, म्हणून हाच एक प्रवास समोर ठेवून तिकीट काढायच्या तीन तऱ्हा ताडून बघते.

पहिली तऱ्हा जाऊन-येऊन तिकिटाची. मुंबईहून लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, म्युनिक आणि झ्युरिकला थेट विमानं आहेत. फिरणं गोल असेल तर हेच तिकीट घ्यावं, फार डोकं लावू नये. पॅरिस-ब्रसेल्स-ॲमस्टरडॅम करून साडेतीन तासांच्या रेल्वेने परत पॅरिसला येता येतं. झ्युरिकला उतरून मिलानपर्यंत जाऊन यायचं असेल तरी चालतं, तेही रेल्वेने तेवढंच लांब आहे.

पण रोमहून परत पॅरिसला येणं म्हणजे अख्खा दिवस गेला. विमान दोन तासांचं, पण हॉटेल सोडणं, विमानतळ गाठणं, बॅगांचे वेगळे पैसे, पॅरिसला पोचून पुन्हा एक रात्र. समजा जाऊन-येऊन तिकिटात माणशी आठ हजार वाचले. चौघांचे बत्तीस हजार झाले. त्यातून रोम-पॅरिसची चार तिकिटं, बॅगा, दोन खोल्यांचं एका रात्रीचं भाडं आणि टॅक्सी वजा करा. उरलंच काही, तर ते सुट्टीचा एक दिवस विकून उरलेलं असतं. आणि रजा किती मुश्किलीने मिळते हे नोकरदाराला सांगायला नको.

म्हणून माझा कौल दुसऱ्या तऱ्हेला: उतरायचं एका शहरात, निघायचं दुसऱ्या शहरातून, तिकीट मात्र एकच. याला ओपन-जॉ म्हणतात. बुकिंगच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ नावाच्या खान्यात ते सापडतं. पुष्कळ जण इथे चुकतात. मुंबई-पॅरिस एकेरी आणि रोम-मुंबई एकेरी अशी दोन वेगळी तिकिटं शोधतात, आकडा बघून दचकतात आणि नाद सोडतात. लांब पल्ल्याचं एकेरी तिकीट बऱ्याचदा जाऊन-येऊनच्या निम्म्याहून पुष्कळ महाग असतं. ओपन-जॉमध्ये मात्र दोन्ही बाजूंना साधारण निम्मं-निम्मं जाऊन-येऊन भाडं लागतं. पडताळा सोपा आहे. मुंबई-पॅरिस-मुंबई आणि मुंबई-रोम-मुंबई असे दोन्ही दर बघा, त्यांची सरासरी काढा. मल्टी-सिटीचा दर त्याच्या आसपास हवा. फार वर गेला तर कंपनी बदलून बघा, कारण जाताना एक आणि येताना भलतीच कंपनी जोडली गेली की हे गणित मोडतं.

मुंबईहून रोमला थेट विमान नाही, त्यामुळे येताना एक थांबा घ्यावाच लागतो. एअर फ्रान्स-केएलएमवर जाताना थेट पॅरिस आणि येताना रोम-ॲमस्टरडॅम-मुंबई असं जमतं. दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्या कंपन्यांकडे दोन्ही वेळा थांबा, पण दर कधीकधी बरा. आई-बाबा बरोबर असतील तर मी जातानाचं थेट विमान सोडणार नाही, चार पैसे जास्त गेले तरी. व्हीलचेअर सांगून ठेवली तर एकाच पीएनआरवर थांब्याच्या विमानतळावरही माणूस न्यायला येतो.

एकच पीएनआर असण्याचा खरा फायदा बिघाडाच्या दिवशी कळतो. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय युरोपियन युनियनमधून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान, किंवा तिथे जाणारं युरोपियन कंपनीचं विमान, कंपनीच्या चुकीने ३ तासांहून जास्त उशिरा पोचलं, तर आपल्याइतक्या लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. एका तिकिटावर हा उशीर शेवटच्या मुक्कामी मोजतात. तिकिटं वेगवेगळी असली की प्रत्येक विमानाचा हिशेब वेगळा.

तिसरी तऱ्हा तुकड्यातुकड्यांची: मुंबईहून मिळेल तिथे स्वस्तात उतरायचं आणि पुढे रायनएअर, ईझीजेटसारख्या युरोपातल्या स्वस्त कंपन्यांची विमानं. आकडा बघून कुणालाही मोह होतो. पण त्यात फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी धरलेली असते. खाकरे, थेपले, मेतकूट घेऊन निघालेल्या कुटुंबाला ती कुठली पुरणार? ‘पॅरिस’ म्हणून दाखवलेला बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर असतो. रायनएअरमध्ये आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना गेटवर जाण्याआधी काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, तेही विसरू नका.

एकदा मी हा उद्योग केला. मुंबईचं विमान तीन तास उशिरा पोचलं, बॅग घेऊन धावत काउंटरवर गेले तर तो बंद झालेला. दुसऱ्या कंपनीने शांतपणे सांगितलं, तुमचं तिकीट वाया गेलं. तिचंही चुकलं नव्हतं. पहिल्या तिकिटाशी तिचा काही संबंधच नव्हता. तेव्हापासून मधला एखादा टप्पा असा घेतलाच, तर आधी त्या शहरात एक रात्र काढते. मुंबईहून उतरल्याच्या दिवशी तर मुळीच नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे एकाच तिकिटावरसुद्धा सव्वा तासाचा थांबा मला कमीच वाटतो. इमिग्रेशन तुमच्या पहिल्या शेंगेन विमानतळावरच होतं.

बेतात लंडन असेल तर ते मधे घालू नका. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-लंडन-रोम केलंत तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतोच, शिवाय शेंगेनचाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. लंडन टोकाला ठेवा, आणि शक्यतो सुरुवातीच्या. तिथून लांबच्या विमानाने निघताना मोठ्या माणसामागे एप्रिल २०२६ पासून निदान १०२ पौंडांचा कर तिकिटात भरावा लागतो. उतरताना तो नसतो.

व्हिसा इटलीचा तर आधी इटलीतच उतरायला हवं का, हेही सगळे विचारतात. नाही. जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी प्रवेश, तिथे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नये. तुकड्यांच्या तऱ्हेत हेच अवघड जातं, कारण ती स्वस्त तिकिटं बहुधा तसलीच असतात.

आणि तारीख नीट बघा. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, वेळ ०२:१० असेल, तर घरून निघायचं ११ तारखेच्या रात्री, जेवण उरकून. मेट्रो ३ आता विमानतळाच्या टी-२ टर्मिनलपर्यंत जाते खरी, पण तिच्या भरवशावर राहू नका. इतक्या उशिरा ती झोपलेली असते. टॅक्सी आधीच सांगून ठेवा.