गाय घ्यावी की म्हैस? आधी महिना बघा

नवा गोठा घालणारे 'लिटर किती?' इथून सुरुवात करतात. मी आधी विचारतो, दूध कोणत्या महिन्यात निघणार?

म्हैस मोसमाची पक्की. दिवस लहान होऊ लागले की माजावर येते आणि गाभण राहिल्यावर सुमारे ३१० दिवसांनी, बहुधा पोळा ते मार्गशीर्ष या काळात, व्याते. गावातल्या बऱ्याच म्हशी एकदमच दुधावर येतात. थंडीचा हा पुष्टकाळ, म्हणजे भरपूर दुधाचा. मार्चपासून वेत उतरणीला लागतं, ओला चारा संपतो. नेमकी तेव्हाच ताक, लस्सी, श्रीखंड, आइस्क्रीम आणि लग्नसराई! दर चढतो, बादली मात्र अर्धी. शिवाय उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका, बाहेरून सहज कळत नाही. तो हुकला की भाकड काळ लांबतो.

संकरित गाय वर्षात कधीही व्याते. दोन-तीन गाई असतील तर वेतं आगेमागे लावून बारमाही दूध मिळतं. ऊन तिलाही सोसत नाही, पंखा-फवाऱ्याचा खर्च धरा. खरी अडचण दराची. जादा दुधाची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीचा बाजार पडला की गोठ्यावरचा दरही पडतो. २०२४ मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५, मग ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. म्हशीचं दूध त्यात नव्हतं.

सायीत म्हशीला तोड नाही. गाईचं दूध ३.५ फॅटचं आणि म्हशीचं ६ फॅटचं धरलं, तर १०० किलो दुधातून कागदावर लोणी निघतं अनुक्रमे सुमारे ४.४ आणि ७.५ किलो. खवा-बासुंदीवाला हलवाई म्हशीचंच दूध मागतो, आणि कोजागरी-दिवाळीची त्याची घाई म्हशीच्या भरातच येते.

तेव्हा शहरालगत असाल, रतीब किंवा हलवाई हाताशी असेल, तर म्हैस. पण दोन घ्या: एक दिवाळीच्या सुमारास व्यालेली, दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये व्याणारी. दुसरी शोधावी लागते, महागही पडते. तरी घ्या, कारण उन्हाळ्यात रतीब चुकला की गिऱ्हाईक पिशवीच्या दुधाकडे वळतं आणि पावसाळ्यात परत येईलच असं नाही.

दूध फक्त संकलन केंद्रावर घालायचं असेल आणि विहिरीला मे महिन्यातही पाणी असेल, तर गाय. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) दोन्हींना लागतो, आणि त्यासाठीचा मका पावसाळ्यातच पेरून ठेवायचा.