सहभागी अर्थसंकल्प की लोकांचे गुणपत्रक?

वस्तीत दवाखानाच नाही, की दवाखाना आहे पण दुपारनंतर तिथे कोणी भेटत नाही? सहभागी अर्थसंकल्प आणि गुणपत्रक या दोन पद्धतींतली निम्मी निवड इथेच होते. पहिल्या अडचणीला पैसा लागतो, दुसरीला जाब विचारण्याची सोय.

सहभागी अर्थसंकल्प १९८९ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात सुरू झाला. नागरिक कामे सुचवतात, अभियंते खर्च आणि शक्यता तपासतात, मग लोक प्राधान्य ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून हे मतदान भांडवली निधीवर, म्हणजे बांधकामासारख्या टिकाऊ कामांच्या पैशांवर होते. काम निदान ५० हजार डॉलरचे आणि ५ वर्षे टिकणारे हवे. नियमच असा, त्यामुळे शाळेची स्वच्छतागृहे बसतात, दवाखान्याची वेळ बसत नाही. संघटित वस्त्या मते ओढून नेतात, हा नेहमीचा दोष. पोर्तो अलेग्रेने त्यावर निधीवाटपात लोकसंख्येबरोबर सुविधांच्या अभावालाही वजन दिले. पण प्रक्रियेला कायद्याचा आधार नव्हता आणि २०१७ मध्ये ती स्थगित झाली. दुसरा धोका दिरंगाईचा. निवडलेले काम दोन-तीन वर्षे कागदावरच राहिले, की पुढच्या फेरीला कोणी फिरकत नाही.

गुणपत्रक (कम्युनिटी स्कोअरकार्ड), म्हणजे दवाखान्यासारख्या सेवेला लोकांनीच गुण देण्याची पद्धत, 'केअर' या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने २००२ मध्ये आफ्रिकेतल्या मालावीत घडवले. त्याला निधी थोडा लागतो, पण चिकाटी फार. आधी मंजूर पदे आणि औषधसाठा किती, प्रत्यक्षात किती, हे पडताळायचे. मग स्त्रिया, पुरुष, तरुण यांचे वेगळे गट निकष ठरवून गुण देतात; एकत्र बसवले तर बायका गप्प राहतात. कर्मचारी स्वतःलाही गुण देतात. शेवटी समोरासमोर बैठक, आणि कोण, काय, केव्हापर्यंत करणार याची लेखी यादी. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. बैठक फसते ती बहुधा एकाच कारणाने: औषधे वरून येत नाहीत आणि बोलणी परिचारिका खाते. म्हणून साठा मंजूर करणारा अधिकारी बैठकीला नसेल, तर ती पुढे ढकललेली बरी.

परिणामांबद्दल हात राखूनच बोलावे. युगांडातल्या ५० दवाखान्यांच्या परिसरात अशाच पद्धतीचा प्रयोग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. नंतरच्या मोठ्या प्रयोगात मृत्युदरावर असा परिणाम आढळला नाही, उपचारांचा दर्जा थोडाफार सुधारला एवढेच.

दोन्ही जमण्यासारखे असेल तर गुणपत्रक आधी घ्या, कामे सुचवण्याच्या मुदतीच्या तीनेक महिने अगोदर. खोली बांधायची की आहे ती उघडी ठेवायची, हे तेव्हा मतदानाआधीच कळलेले असते.